मशीनला रोल लागतो

भाच्याने काळी डबी माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "मावशी, हा धुऊन कधी मिळेल?"

डबीत छत्तीसचा रंगीत रोल होता. हा प्रश्न काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून मी इतक्या वेळा ऐकलाय, की "तासाभराने या" हे उत्तर जवळजवळ तोंडातून निघालंच होतं. मग भानावर आले. ज्या मशीनच्या भरवशावर मी लोकांना तो तास देत असे, ते भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली.

मुलगा विशीतला. कुणाच्या तरी कपाटात पडून असलेला जुना कॅमेरा त्याने मिळवला होता. फोनवर दिवसाला शंभर फोटो काढणारा हा पोरगा छत्तीस फोटो दोन महिने पुरवून पुरवून काढत होता, आणि प्रत्येक फोटोची वहीत नोंद ठेवत होता: ॲपर्चर म्हणजे भिंगाचं छिद्र किती उघडं, स्पीड म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं, उजेड कसा होता. मला त्याचं कौतुकही वाटलं आणि थोडी कीवही आली. चौकशी केली तर कळलं, रोल पोस्टाने घेणारी लॅब आहे, पण पुरेसे रोल साठले की मगच ते मशीन चालवतात. तीन-चार आठवडे धरून चालायचं.

"एवढे दिवस? पण तू तर हेच काम करायचीस ना?"

करायचे. म्हणजे, मशीन करायचं आणि मी मशीन सांभाळायचे. हा फरक त्याला त्या दिवशी सांगितला नाही. "बघू" म्हटलं आणि डबी फ्रिजवर ठेवून दिली.

मी मिनीलॅबवर ऑपरेटर होते. मिनीलॅब म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानी कंपन्यांनी बाजारात आणलेलं, दुकानाच्या एका कोपऱ्यात मावणारं यंत्र. त्याआधी रंगीत रोल मोठ्या कारखान्यात जायचा आणि काही दिवसांनी परत यायचा. त्याच्याही आधी, १८८८ मध्ये, जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक कॅमेरा निघाला तेव्हा तर शंभर फोटो संपले की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा असे. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो, अशी त्याची जाहिरात होती. त्या 'बाकीचं'मध्ये आम्ही यायचो. बटण दाबणाऱ्याला आम्ही कधी दिसलो नाही, आणि ते बरंच होतं. आम्हाला मात्र त्याचं सगळं दिसायचं.

कामाची सुरुवात सकाळी तापमानाने व्हायची. रंगीत निगेटिव्ह धुण्याची जी पद्धत जगभर चालते तिचं नाव सी-४१, ती १९७२ मध्ये आली. तिच्यात डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ३७.८ अंश सेल्सिअसला हवा आणि फिल्म त्यात ३ मिनिटं १५ सेकंद राहायला हवी. तापमानात फरक चालतो तो अंशाच्या सातव्या हिश्शाइतका. आपल्याला ताप आलाय का हे बघताना आपण एवढे काटेकोर नसतो. टाक्या तापेपर्यंत मी फ्रीझरमधून कंट्रोल स्ट्रिप काढून ठेवायचे. ही कारखान्यातूनच ठरावीक उजेड दाखवून आलेली फिल्मची पट्टी असते. ती मशीनमधून काढायची, डेन्सिटोमीटरने तिच्यावरच्या पट्ट्यांची घनता मोजायची आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे. ठिपके मधल्या रेषेजवळ असले की दिवस सुरू. एखादा रंग रेषा सोडून चालायला लागला, की गिऱ्हाईक येण्याआधीच पोटात गोळा यायचा.

मग रोल. कॅसेटमध्ये आत गेलेली फिल्मची जीभ पिकरने बाहेर ओढायची, तिचं टोक सरळ कापायचं, लीडर कार्डाला टेपने चिकटवायचं आणि कार्ड मशीनच्या तोंडात द्यायचं. आत रोलर फिल्मला एकेका टाकीतून फिरवत नेतात: डेव्हलपर, ब्लीच, फिक्सर, स्टॅबिलायझर, शेवटी ड्रायर. दहा-बारा मिनिटांत पलीकडून कोरडी, तपकिरी-नारिंगी पट्टी लोंबत बाहेर यायची. तो आवाज अजून कानात आहे. पट्टी टोपलीत पडताना जरासा खुळखुळ वाजायची.

आत काय होतं, ते मला सीनियर ऑपरेटरने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि अजूनही ते मला जादूसारखं वाटतं. उजेड लागलेल्या चांदीच्या क्षारांचं डेव्हलपर शुद्ध चांदीत रूपांतर करतो. ते करताना तो स्वतः खर्ची पडतो, आणि त्याचा तो खर्ची पडलेला अंश फिल्मच्या थरात दडलेल्या रसायनाला भेटून रंग तयार करतो. एका थरात पिवळा, एकात मजेंटा म्हणजे गडद गुलाबी, एकात सायन म्हणजे हिरवट निळा. मग ब्लीच त्या चांदीला पुन्हा क्षार बनवतं आणि फिक्सर सगळे क्षार धुऊन नेतो. म्हणजे रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी चांदीचा कणही राहत नाही, राहतो तो फक्त रंग. चांदी फिक्सरमध्ये उतरलेली असते. म्हणून वापरलेलं फिक्सर आम्ही ओतून देत नसू, कॅनमध्ये साठवायचो. त्यातून चांदी काढणारे लोक ते घेऊन जायचे.

प्रिंटच्या बाजूला बसलं की दिवसाला कित्येक घरं डोळ्यांखालून जायची. प्रत्येक फ्रेम पडद्यावर यायची आणि मी चार बटणांवर बोटं ठेवून ठरवायचे: सायन एक कमी, मजेंटा दोन जास्त, डेन्सिटी एक वर. मागे पांढरीशुभ्र भिंत असेल तर मशीन फसायचं आणि माणसाला काळं करायचं. मागे अंधार असेल तर चेहरा चुन्यासारखा. तिथे माणसाचा डोळा लागायचा. मला माणसांची नावं कळायची नाहीत, पण एका रोलवर सुरुवातीला दिसलेलं बाळ रोल संपता संपता उभं राहिलेलं असायचं. लोक एक रोल वर्षभर पुरवायचे.

सगळ्यात आवडायचे ते रोलचे शेवटचे दोन-तीन फोटो. रोल धुवायला टाकायची घाई, आणि तीन फोटो शिल्लक. मग छताचा पंखा, खिडकीतून दिसणारी गच्ची, झोपलेलं कुत्रं, चपला घातलेले स्वतःचे पाय. 'रोल संपवायचे फोटो' म्हणायचो आम्ही त्यांना. पुष्कळ गिऱ्हाईकं सांगायची की शेवटचे नकोत, त्यांचे प्रिंट काढू नका. मी ते निगेटिव्हवर भिंग लावून बघायचेच. त्यांत कुणी हसायला उभं केलेलं नसायचं. तसे फोटो आता कुणी काढत नाही, कारण संपवायला काही उरलेलंच नाही.

आता त्या गोष्टीकडे येते जी लॅबबाहेरच्या कुणाला सांगितली तर पटत नाही. लोकांना वाटतं, डिजिटल कॅमेरे आले, लोकांनी रोल घेणं सोडलं, लॅब बंद पडल्या. झालं तसंच, पण मधली एक पायरी लोकांना माहीत नसते. मिनीलॅब ही गिरणीसारखी नसते, की दळण आलं तर चालवली, नाहीतर बंद ठेवली. मशीन जिवंत राहायला रोल लागतो.

टाकीतला डेव्हलपर कायमचा नसतो. प्रत्येक रोल त्याला थोडा थकवतो, आणि प्रत्येक रोलमागे मशीन मोजून तेवढा ताजा रिप्लेनिशर, म्हणजे भरपाईचं नवं द्रावण, टाकीत सोडतं. भरपूर रोल आले की जुनं वाहून जातं, नवं येतं, काही आठवड्यांत टाकी आपोआप ताजी झालेली असते. वाहत्या पाण्याला वास येत नाही तसं. पण रोल आले नाहीत, तरी टाकी गरम ठेवावीच लागते. गरम टाकीतून पाणी उडत राहतं, हवेशी संपर्क येऊन डेव्हलपर खराब होत राहतो, आणि रोलच नाहीत म्हणून ताजा रिप्लेनिशर आत जात नाही. फिकट पिवळसर असलेलं द्रावण गडद होत जातं. टाकीच्या कडांवर आणि रोलरवर डांबरासारखा थर धरतो, त्याचे बारके कण फिल्मवर येऊन बसतात.

आलेखाच्या कागदावर हे आधी दिसायचं. पूर्वी ठिपके रेषेभोवती वरखाली व्हायचे, कामाच्या धबडग्यात असतं तसं. मग ते एकाच दिशेने सरकायला लागले. मी उडालेलं पाणी रोज भरायचे, रात्री रॅक काढून कोमट पाण्याने रोलर घासायचे, तरी ते सरकायचेच. प्रिंटमध्ये मी बटणांनी जमेल तेवढं सांभाळून घ्यायचे. पण सावल्या हिरवट झाल्या असतील आणि उजेडाची जागा गुलाबी, तर एकाच बटणाने दोन्ही कसे सुधारणार?

काउंटरवर एका बाईंनी प्रिंट हातात घेऊन सांगितलं, "तुमच्याकडे आता पहिल्यासारखे फोटो येत नाहीत हो." त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांनी पुढच्या वेळी रोल आणला नाही. एक रोल कमी झाला म्हणजे रिप्लेनिशर तेवढा कमी, म्हणजे पुढचा रोल आणखी थोडा वाईट. हे चक्र मी डोळ्यांनी बघितलंय. डिजिटल कॅमेऱ्याने पहिले गिऱ्हाईक नेले, आणि मागे राहिलेल्यांना आमच्या शिळ्या केमिकलने घालवलं.

जगात रंगीत फिल्मची मागणी २००० च्या सुमारास सर्वांत जास्त होती. म्हणजे आम्ही शिखरावर उभे होतो तेव्हा आम्हाला वाटत होतं की अजून चढ बाकी आहे. गंमत म्हणजे, पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच प्रयोगशाळेत, स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनियरने १९७५ मध्ये जुळवला होता. शंभर बाय शंभर बिंदूंचं कृष्णधवल चित्र, ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. ही गोष्ट मी लॅब सोडल्यावर वाचली. आमच्या सीनियरना सांगितली तर ते म्हणाले, "बरं झालं तेव्हा कळलं नाही, नाहीतर मी हे काम शिकलोच नसतो."

लॅबमध्ये बदल आला तो मात्र दुश्मनासारखा आला नाही, नव्या मशीनच्या रूपाने आला. डिजिटल मिनीलॅब आलं. ते निगेटिव्ह स्कॅन करायचं आणि लेझरने कागदावर उमटवायचं. मेमरी कार्ड लावलं तर तेही छापायचं. कागद तोच, कागदाचं केमिकल तेच. आम्ही खूश. कार्डवाले गिऱ्हाईक म्हणजे अधिकचं काम वाटलं. चारशे फोटोंतून सहा निवडायला लोक तासभर स्टुलावर बसायचे, आणि मी मनात म्हणायचे, रोलवाले किती शहाणे, छत्तीसच्या छत्तीस काढून नेतात. प्रिंटची बाजू गरम होती आणि फिल्मची बाजू तिच्या शेजारीच थंड होत चालली होती. दिवसाला दोनदा सफाई मागणारी टाकी आता एक दिवस आड चालू व्हायला लागली. मग आठवड्यातून दोन दिवस.

बाहेरून बातम्या यायच्या त्या आम्ही डिस्ट्रिब्युटरच्या माणसाकडून ऐकायचो. २००६ च्या जानेवारीत एकाच महिन्यात निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कोनिका मिनोल्टाने कॅमेरा आणि फोटोचा धंदाच सोडायचं ठरवलं. तो माणूस दर वेळी "पण तुमचं चालूच राहील हो" असं म्हणून जायचा. पुढे त्याचं येणंही लांबत गेलं.

शेवटच्या काही महिन्यांत मी एक उद्योग केला. टाकी जिवंत ठेवायची तर तिला फिल्म खायला घालायची, एवढाच उपाय. कपाटात मुदत संपलेले रोल पडून होते. सीनियर म्हणाले, "उघड्यावर ओढ, लाइट दाखव आणि सोड आत." पण पूर्ण जळलेला रोल डेव्हलपरला नेहमीपेक्षा फार जास्त थकवतो, हिशोब उलटाच बिघडतो. साध्या फोटोंसारखा उजेड लागलेला रोल हवा. शिवाय खरं कारण वेगळंच होतं: न वापरलेला रोल उजेडात ओढणं माझ्या जिवावर यायचं. म्हणून लॅबमधल्या एका कॅमेऱ्यात मी ते रोल घालायचे आणि दिसेल त्याचे फोटो काढायचे. कॅन, स्टूल, दिव्याची नळी, भिंतीवरचं वेळापत्रक. छत्तीस झाले की धुवायचे. निगेटिव्ह बघायचेसुद्धा नाही. रोल संपवायच्या फोटोंचेच अख्खे रोल.

मग एका आठवड्यात मालकांनी सांगितलं की पुढचं केमिकल मागवायचं नाही. टाक्या रिकाम्या केल्या, रॅक शेवटचे धुतले. माझ्याकडे तसा एक काढलेला रोल राहून गेला होता. तो पर्समध्ये टाकला, तिथून घरच्या ड्रॉवरमध्ये गेला, आणि तिथे राहिला.

भाच्याची डबी फ्रिजवर आठ दिवस होती. नवव्या दिवशी मी किट मागवलं. पावडरची पाकिटं, पाण्यात मिसळून लिटरभर करायची: डेव्हलपर, ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं ब्लिक्स, आणि स्टॅबिलायझर. एका लिटरमध्ये आठेक रोल होतात. झाकण लावल्यावर उजेड आत न जाणारी टाकी, तिच्यात बसणारी प्लास्टिकची दोन रिळं, आणि हात घालायला बाह्या असलेली काळी पिशवी. काही मागवलं, काही भाच्याने कुणाकडून तरी आणलं.

अकरा वर्षं हेच काम केलेल्या बाईला काय अवघड, असं मलाही वाटलं होतं. पण फिल्म रिळावर चढवण्याचं काम मी आयुष्यात कधी केलेलं नव्हतं. ते मशीनचे रोलर करायचे. उजेडात एक खराब फिल्म घेऊन सराव केला तेव्हा तीन वेळा जमलं. आधी कुठला रोल घ्यायचा यावर वाद झाला नाही. केमिकल बरोबर झालंय की नाही ते अजून माहीत नाही, तेव्हा ज्याची किंमत कमी तो आधी. ड्रॉवरमधला माझा रोल काढला.

काळ्या पिशवीत हात घातले आणि पाच मिनिटांत तळहातांना घाम फुटला. पिशवीत हवा कोंडते, प्लास्टिकला दमटपणा चढतो, आणि फिल्म अर्ध्या वाटेत अडकते. ओढावी तर आत चुरगळते. वर्षानुवर्षं कॅसेटमध्ये गुंडाळून राहिल्याने माझी फिल्म स्प्रिंगसारखी वळलेली होती, ती सारखी उसळून बाहेर यायची. मी डोळे मिटून बसले होते, जणू त्याने काही जास्त दिसणार होतं. भाचा समोर बसून विचारत होता, "झालं?" मी शेवटी त्याला खोलीबाहेर काढलं. चाळीस मिनिटांनी टाकीचं झाकण फिरलं.

तापमानासाठी बादलीत गरम पाणी, त्यात बाटल्या उभ्या. लॅबमध्ये मशीन जे अंशाच्या सातव्या भागापर्यंत सांभाळायचं, ते मी पाण्याचा मग आणि थर्मामीटर घेऊन सांभाळत होते. ३८.४. थोडं गार पाणी. ३७.५. थोडं गरम. ३७.८ आल्यावर दोघंही ओरडलो आणि ओरडण्यात अर्धा अंश गेला. टाकी आधी गरम पाण्याने भरून मिनिटभर ठेवली, ते ओतलं तर पाणी रंगीत बाहेर आलं. भाचा घाबरला. तो फिल्मवरच्या थरांतला निघून जाणारा रंग असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग डेव्हलपर आत. पहिला अर्धा मिनिट सतत टाकी उलटीसुलटी करायची, नंतर दर अर्ध्या मिनिटाला चारदा. भाचा फोनवर सेकंद मोजत होता. सव्वातीन मिनिटं ही इतकी लांब असतात हे मला तेव्हा कळलं. मशीनवर मी त्या वेळात तीन लिफाफे भरायचे.

ब्लिक्समध्ये एक खोड आहे: हलवलं की आत वायू तयार होतो आणि झाकण फुगतं. मला माहीत नव्हतं. पहिल्यांदाच उलटी केली आणि झाकणाच्या कडेने तपकिरी धार माझ्या कोपरापर्यंत आली. हातमोजे घातले होते म्हणून निभावलं. या केमिकलांनी, विशेषतः डेव्हलपरने, कातडीला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की जन्माची. पुढे दर वेळी झाकण जरा सैल करून वायू सोडला. धुणं, स्टॅबिलायझर, आणि मग झाकण उघडायचं.

माझी फिल्म आली होती. नारिंगी नव्हे, काळपट तपकिरी. इतकी वर्षं गरमीत पडून राहिलेल्या रोलचा पायाच काळवंडतो. चित्रं त्या काळोखातून दिसत होती, धुक्यातून दिसल्यासारखी. बाथरूममध्ये आधी गरम पाण्याचा नळ सोडून धूळ बसू दिली आणि पट्टी चिमट्याने टांगली. वाळल्यावर उजेडाच्या पाटीवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानेच तिचा फोटो काढला आणि रंग उलटे केले. यातला विनोद माझ्या लक्षात आला होता.

कॅन. स्टूल. नळीचा दिवा. लीडर कार्डांचा गठ्ठा. आलेखाचा कागद, त्यावर माझेच ठिपके एका बाजूला उतरत गेलेले. सीनियर ऑपरेटरचा पाठमोरा खांदा, कारण त्यांना फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही. अठ्ठावीस फ्रेम वाचता आल्या. बाकीच्या माझ्या घामेजल्या बोटांनी पिशवीतच गेल्या. तिथे फिल्म फिल्मला चिकटून राहिली होती आणि केमिकल पोचलंच नव्हतं. काहीच नाही म्हणून काढलेल्या त्या फोटोंकडे मी बराच वेळ बघत बसले.

मग भाच्याचा रोल. या खेपेला पिशवीत शिरण्याआधी हात कोरडे केले, दहा मिनिटांत चढला. नवी फिल्म शहाण्यासारखी वळते. ३७.८, सव्वातीन मिनिटं, झाकण सैल करत ब्लिक्स, सगळं चोख. शेवटचं पाणी ओतलं आणि रीळ बाहेर काढलं.

स्वच्छ नारिंगी. जिभेकडचा काळा तुकडा सोडला तर शेवटपर्यंत, आरपार.

"आले?" त्याने विचारलं.

काउंटरवर या क्षणाची आमची एक पद्धत होती. गिऱ्हाईकासमोर पट्टी उजेडात धरायची आणि कडेकडे बोट दाखवायचं. कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात आणि डेव्हलप केल्यावरच उमटतात. आकडे दिसतात पण फोटो नाहीत, म्हणजे धुण्यात चूक नाही; फिल्मला उजेड लागलाच नाही. आकडेसुद्धा नाहीत, म्हणजे आमचं केमिकल गेलं, चूक आमची. अख्खी पट्टी काळी, म्हणजे कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं गेलं. लग्नातला रोल कोरा निघालेल्या माणसाला हे समजावताना मी आवाज अगदी सपाट ठेवायचे. आमच्यावर येऊ नये, एवढंच मनात असायचं.

त्याच्या पट्टीवर आकडे होते. शून्य, एक, दोन, ठसठशीत, छत्तीसपर्यंत. माझं काम उत्तम झालं होतं.

"कॅमेऱ्यात रोल चढवताना जीभ दात्यांत अडकली नाही," मी म्हटलं. "तू पुढे ढकलत होतास, काउंटर पुढे जात होता, पण फिल्म जागची हललीच नाही."

तो पट्टीकडे बघत राहिला. "म्हणजे ते फोटो कुठे गेले?"

"निघालेच नाहीत."

"पण मी काढले." वही त्याच्या मांडीवर उघडी होती. छत्तीस ओळी, ॲपर्चर, स्पीड, उजेड कसा होता. काउंटरवर असते तर "पुढच्या वेळी लक्ष ठेवा" म्हणाले असते आणि पुढच्या माणसाकडे वळले असते. इथे पुढचा माणूस नव्हता. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तो फोटो कसा होता ते सांगायला लागला. मग दुसरा. एकविसाव्यापर्यंत सांगितलं आणि मग थांबला, म्हणाला, "जाऊ दे."

मी त्याला कॅमेरा आणायला लावला. खराब फिल्म घालून दाखवलं: जीभ फटीत सरकवायची, दोन्ही कडेची भोकं दात्यांवर बसली की नाही ते बघायचं, मागचं झाकण लावण्याआधी एकदा पुढे ढकलायचं. आणि झाकण लावल्यावर दर वेळी डावीकडच्या रिवाइंडच्या चकतीकडे लक्ष ठेवायचं. फिल्म पुढे सरकत असेल तर ती चकती उलटी फिरते. फिरली नाही तर थांबायचं. एवढी छोटी गोष्ट. त्याने चार वेळा करून बघितलं, चकती चारही वेळा फिरली.

"तुझ्याकडे अजून रोल आहे का?" मी विचारलं.

"एक आहे. पण आता इतक्यात नको वाटतंय."

किटच्या कागदावर लिहिलेलं मी त्याला दाखवलं. एकदा मिसळल्यावर द्रावण काही आठवडेच टिकतं, रोल धुवा नाहीतर नका धुऊ. बाटली दाबून आतली हवा काढली, झाकण घट्ट केलं आणि चिकटपट्टीवर तारीख लिहिली. खाली दोन रेघा मारल्या, झालेल्या रोलच्या. सहांची जागा शिल्लक.

"हे वाया जाईल," मी म्हटलं. "काढ काहीतरी. पंखा काढ."

त्याने रोल चढवला, चकती फिरल्याची खात्री केली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बादली, थर्मामीटर, माझे तपकिरी डाग पडलेले हातमोजे. मग माझ्याकडे वळला. मी सवयीने बाजूला व्हायला लागले. काउंटरच्या आतल्या माणसाला फोटोत यायची सवय नसते.

"हलू नकोस, मावशी. स्पीड तीसचाच आहे, फोटो हलेल."